तिवराला घातलेली माती

एकदा एका निष्णात माळ्याने दोन जिवांना मायेपोटी मारायला घेतलं होतं. त्यातला एक जीव झाडाचा होता आणि दुसरा त्याच्या स्वतःच्या सासूचा. माणूस दुष्ट असता तर ही गोष्ट सांगायचं काही कारण नव्हतं. दुष्टांच्या गोष्टी आपण रोज चघळतोच. हा माणूस सज्जन होता, म्हणून सांगावी लागते.

घाटावरच्या एका गावात एक वृद्ध वृक्षवेत्ते राहत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांच्या मळ्यात झाडांपेक्षा शिष्यच जास्त उगवतात, अशी गावात थट्टा चाले. त्यांची शिकवण्याची तऱ्हाच उफराटी होती. बाकीचे फुलाफळांपासून सुरुवात करतात, हे मुळापासून करत. नवा शिष्य आला की त्याला आधी मळ्यात फिरवत. "हा मुळा उपट. एकच जाड मूळ सरळ खाली गेलंय बघ, झाडाने आपलं कोठार तिथं ठेवलंय. आता ही ज्वारी उपट. हिला मुख्य मूळ म्हणून नाहीच, सगळा केसांचा झुपका. आणि हरभऱ्याच्या मुळावरच्या या गाठी बघून घाबरू नकोस, रोग नाही तो. जमिनीला द्यायचं खत त्यात तयार होतं." असं दिवसभर चाले. संध्याकाळी शिष्याचे हात मातीने भरलेले आणि डोकं मुळांनी भरलेलं.

या सगळ्यात अण्णांचा एक धडा पहिला होता आणि तो ते घोकून घेत. पावसाने माती वाहून गेली, मूळ उघडं पडलं, की त्यावर भर घालायची. भर म्हणजे बुडाशी माती ओढून मूळ झाकून टाकायचं. मूळ उघडं राहिलं की झाड गेलं म्हणून समजा.

केरबा हा अण्णांचा सर्वांत हुशार शिष्य. हा धडा त्याच्या हातात इतका मुरला होता की रस्त्याने जाताना कुणाच्या परक्या कुंपणातल्या लिंबाचं मूळ उघडं दिसलं तरी तो थांबून पायाने माती सारायचा आणि मगच पुढे जायचा. त्याची बायको मंजुळा हसून म्हणायची, "आमचे हे माझ्या माहेरी जेवायला बसले तरी आधी परसातल्या केळीला भर घालणार, मग हात धुणार." मनाने सोन्यासारखा माणूस. कुणाचं उघडं, एकटं, उणं त्याला बघवत नसे.

मंजुळाचं माहेर घाटाखाली, खाडीच्या काठी. तिथं तिची आई येसूबाय एकटीच राहत असे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मंजुळाखेरीज दुसरं अपत्य नव्हतं.

त्याच खाडीवर एका लाकडाच्या व्यापाऱ्याने नवं घर बांधलं. घरापुढे धक्का, धक्क्याला लागून खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची जुनी झाडं. व्यापाऱ्याने अण्णांकडे बागेसाठी माणूस मागितला आणि अण्णांनी केरबाला पाठवलं. सासुरवाडीचंच गाव, जाऊन येईल, असा साधा हिशेब.

केरबा पोचला तेव्हा ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं, चिखल उघडा पडलेला, आणि तिवराच्या भोवती त्या चिखलातून बोटभर उंचीची असंख्य मुळं सरळ वर आलेली, कुणी खिळे पेरून ठेवावेत तशी. सासुरवाडीला आला तरी केरबा घरात आणि परसातच असे, ओहोटीला खाडीवर कधी आला नव्हता; असलं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडून "अरेरे!" निघून गेलं. "शेटजी, झाडांचे हाल झालेत हो! लाटांनी माती धुऊन नेली, मुळं पार उघडी पडली."

व्यापाऱ्यालाही ते खिळे आवडत नव्हते. घरापुढे शोभा नाही, म्हणायचा. त्याने तत्काळ माणसं लावली. डोंगरावरची तांबडी माती होडीने आणली. ती वाहून जाऊ नये म्हणून केरबाने झाडांभोवती दगडांचा गडगा रचून घेतला, म्हणजे चुन्याशिवाय रचलेली बुटकी भिंत, आणि आत माती भरून सगळी मुळं छान झाकून टाकली. वर हात फिरवून माती सारखी केली. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं.

आता तुम्ही विचाराल, माती वाहणारी माणसं त्याच खाडीकाठची होती ना? पिढ्यान्‌पिढ्या तिवर बघत आलेली? मग एकाने तरी सांगितलं कसं नाही? अहो, कसं सांगतील! येसूबायचा जावई म्हणजे साऱ्या गावचा जावई. जावयाने पाटावर बसून मीठ गोड म्हटलं तर तिकडे मान डोलवायची पद्धत. माणसं एकमेकांकडे बघत राहिली आणि टोपल्या ओतत राहिली.

माती सारखी करून केरबा धक्क्यावर उभा राहिला, आणि त्याला थोड्या अंतरावर चिखलात बायकांचा घोळका दिसला. गुडघ्यापर्यंत रुतलेल्या, काष्टा वर खोवलेला, हातात लोखंडी आकडी. कालवं फोडत होत्या, तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचत होत्या, आणि तोंडाने अखंड आरडाओरडा. भांडत होत्या की हसत होत्या, लांबून कळत नव्हतं. त्या घोळक्याच्या मधोमध, सगळ्यांत मोठ्या आवाजाची, पांढऱ्या केसांची म्हातारी होती. ती येसूबाय होती.

केरबाला ते बघवेना. एवढ्या वयाची बाई, माझ्या बायकोची आई, अशी चिखलात, उघड्यावर, चार लोकांसमोर? आपण वर सुखाने दूध पितो आणि ही इथं शिंपल्या वेचते? त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने त्याच दिवशी गाडी जुंपली. सासूला तो मामी म्हणत असे. "मामी, खूप केलंत. आता चला. तुमचे कष्ट संपले."

येसूबायने एकदा खाडीकडे बघितलं, एकदा जावयाकडे. मग पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि गाडीत बसली. जावयाला नाही म्हणायची तिच्या जिभेला सवयच नव्हती.

घाटावर तिचं जे कौतुक झालं ते सख्ख्या लेकानेही केलं नसतं. उन्हाची तिरीप येणारी खोली, कापसाची नवी गादी, काठाची लुगडी. सकाळी आल्याचं गरम दूध, रात्री पायाला तेल. येसूबाय झाडू उचलायला गेली तर केरबाने तो हळूच काढून घेतला. तांदूळ निवडायला बसली तर सूप उचलून मंजुळाकडे दिलं. "मामी, तुम्ही बसायचं फक्त."

येसूबाय बसली.

आधी तिचा आवाज गेला. मोठ्याने बोलणं बंद झालं, मग बोलणंच. मग भूक गेली. दूध पेल्यात तसंच साय धरून राहायचं. अंगावरचं मांस उतरलं, चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. वैद्य येऊन गेले, नाडी बघितली आणि म्हणाले, "रोग तर काही नाही. पण बाई आवरायला लागल्यात. पावसाळा काढतील असं वाटत नाही."

मंजुळा रोज आईजवळ बसायची. "आये, सांग ना काय होतंय?"

"माका काय होऊक नाय गो," एवढंच उत्तर यायचं.

"इथं करमत नाही का? मी यांना सांगते."

यावर मात्र म्हातारी घाबरीघुबरी झाली. "नको गो बाय! एवढा करता बिचारो. त्येका वायट वाटात." आणि लेकीला तुळशीची शपथ घातली. मग मंजुळाही गप्प बसली, आणि केरबाने दुधात तूप घालायला सुरुवात केली.

त्याच सुमारास व्यापाऱ्याचा निरोप आला. तिवरं पिवळी पडली आहेत, पानं गळताहेत, शेंडे वाळलेत. केरबाने उलट निरोप धाडला, आणखी माती घाला, त्यात शेणखत मिसळा. आणखी पानं गळली.

शेवटी केरबा अण्णांकडे गेला. एवढा मोठा माणूस, पण मळ्यात पाय ठेवताच त्याला हुंदका आवरेना. "अण्णा, हाताला काय झालंय कळत नाही. खाडीवर झाड मरतंय आणि घरी मामी मरताहेत. वैद्य म्हणतात पावसाळा निघणार नाही. त्या गेल्या तर मंजुळाला तोंड कसं दाखवू? मी काही कमी केलं नाही हो!"

अण्णांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग झाडाला काय काय केलं ते विचारलं. केरबाने सगळं सांगितलं. सासूबाईंना काय काय केलं ते विचारलं. केरबाने तेही सांगितलं. अण्णा बराच वेळ जमिनीवरचं गवत बोटाने चाळत बसले. मग म्हणाले, "उद्या पहाटे गाडी जुंप. मी येतो खाडीवर. येसूबाईंनाही घे."

"मामींना? अण्णा, त्यांना भिंत धरल्याशिवाय उठवत नाही. घाटाची वाट, गाडीचे हिसके…"

"गादी घाल गाडीत."

"पण झाड बघायला त्या कशाला?"

"मला सोबत म्हणून," अण्णा म्हणाले आणि शेळीला पाला घालायला उठले. यापुढे काही विचारण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी घाट उतरली. येसूबाय गादीवर डोळे मिटून पडली होती. घाटाच्या पायथ्याशी वारा बदलला, त्याला खारट वास आला, तशी तिने डोळे उघडले. थोड्या वेळाने ती कूस बदलून उठून बसली आणि गाडीच्या मागच्या फळीला धरून बाहेर बघायला लागली. केरबा म्हणाला, "मामी, पडा ना, दमाल." ती लगेच पडली. अण्णांनी ते पाहून ठेवलं.

धक्क्यावर पोचले तेव्हा पुन्हा ओहोटीच होती. तिवराची दशा बघवत नव्हती. एके काळची हिरवीगार झाडं हळद लागल्यासारखी पिवळी, आणि बुडाशी केरबाने रचलेला तो देखणा गडगा, त्यात गच्च भरलेली तांबडी माती. अण्णांनी येसूबायला हात धरून उतरवलं, झाडासमोर उभं केलं आणि विचारलं, "बाई, या झाडाला काय झालंय?"

येसूबायने झाडाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मग तिची नजर केरबाकडे गेली आणि तिने पदर पुढे ओढला. "माका काय म्हायती, अण्णानू. जावयबापूंका ठावक."

अण्णांनी मान हलवली, जणू हेच ऐकायला ते आले होते. मग ते केरबाकडे वळले आणि त्यांनी एक विचित्र गोष्ट सांगितली.

"केरबा, पाठ फिरव. तिकडे डोंगराकडे तोंड करून उभा राहा. मी हाक मारेपर्यंत वळायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

केरबा भांबावला. चाळिशी उलटलेला माणूस, गावोगावी नाव, आणि शाळेतल्या पोरासारखा पाठमोरा उभा करताहेत! व्यापारी धक्क्यावरून बघतो आहे. पण गुरूची आज्ञा. तो वळला.

मग चिखलात पाय पडल्याचा आवाज आला. मग लांबून एक हाक आली, "येसू? गो येसूच ना ती?" आणि मग फच् फच् फच् करत बरेच पाय धावत आले.

"गो बाये! काय झाला हा तुका? नुसतो सापळो ऱ्हवलो!"

"माका मरांदे, ह्या झाडाचा बघ! ह्येका माती कोणी घातल्यान?"

केरबा दचकला. हा आवाज त्याने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. भिंत धरून उठणाऱ्या बाईचा हा आवाज नव्हता.

"तुझ्याच जावयान गो!" कुणीतरी म्हणाली आणि दुसरी खुदकन हसली.

"जावयान घातल्यान तर तुमी सगळी काय करी होतात? तोंडात भात होतो तुमच्या?"

"गावच्या जावयाक कोण सांगतला गो? तू सांगतलस?"

मग येसूबायचा आवाज आला, आता जरा खालचा. "माकाच सांगूक येना नाय, तर तुमका काय बोलू. माणूस बरो आसा गो तो. सोन्यासारखो. पण माका देव करून बसवल्यान. नेसवता, न्हाणता, नैवेद्य दाखयता. देवाक देवळातसून उठाक कोण देता?"

डोंगराकडे तोंड करून उभ्या असलेल्या केरबाचे डोळे भरून आले. पुसायलाही त्याने हात उचलला नाही.

"असूं दे," येसूबाय एकदम खणखणीत म्हणाली. "रडत काय बसतास? हातान माती उपसू नको गो सुमती, मुळां मोडतली! तो गडगो फोडा आधी. खालसून फोडा. भरती येतली, माती आपसूक घेवन जातली. येवढी अक्कल नाय तुमका?"

मग दगड निखळल्याचे आवाज आले, हसण्याचे आले, एकमेकींना दिलेल्या इरसाल शिव्यांचे आले. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, सगळं त्या दगडांबरोबर इकडून तिकडे व्हायला लागलं. येसूबाय सगळ्यांत मोठ्याने हसत होती. ती हसते कशी, हे केरबाला आजवर ठाऊकच नव्हतं.

"वळ आता," अण्णा त्याच्या कानाशी म्हणाले.

केरबा वळला. गुडघाभर चिखलात त्याची सासू उभी होती. काठाचं लुगडं वर खोवलेलं, कपाळावर चिखल, हातात दगड. जावई बघतोय हे दिसताच तिने दगड खाली टाकला आणि चिखलाच्या हातानेच पदर ओढला. आवाज पुन्हा नाहीसा झाला.

केरबा अण्णांना म्हणाला, "अण्णा, पहिला धडा तुम्हीच दिलात. उघडं मूळ झाकावं."

"दिला. आपल्या मळ्यात तो खराच आहे. घाट उतरताना तो वर ठेवून यायचा होता." अण्णा धक्क्याच्या पायरीवर बसले. "मूळ म्हणजे जमिनीखालचं, हे आपण ठरवलं बाबा, झाडाने नाही ठरवलं. झाडाला जे कमी पडतं ते आणायला मूळ जातं. रताळ्याला पुढच्या दिवसांची काळजी, म्हणून ते मुळात साठवतं. मक्याला वाऱ्याचं भय, म्हणून तो बुडाशी मुळांचे टेकू लावतो. आंब्याच्या फांदीवर उगवणाऱ्या आमरीच्या रोपाला माती मिळत नाही, ती मुळं हवेत सोडते आणि दंव पिते. वडाची पारंबी तर तू रोज बघतोस. तिला कधी माती लावायला गेलास का? नाही, कारण तिची ओळख आहे. इथं खाडीत माती रग्गड, पाणी रग्गड. कमी काय आहे? वारा. या चिखलात कणभर वारा नाही. म्हणून तिवराचं मूळ उलटं चालत वर येतं, ओहोटीला तोंड बाहेर काढतं आणि भरतीभर पुरेल एवढा श्वास भरून घेतं. तुला वाटलं ते उघडं पडलंय. ते श्वास घ्यायला आलं होतं."

केरबा चिखलातल्या त्या बायकांकडे बघत होता. झाडाबद्दल अण्णा जे बोलले त्यातला अर्धा भाग झाडाबद्दल नव्हता, हे कळायला त्याला कुणी फोड करून सांगायची गरज पडली नाही.

"मग मला पाठमोरा का उभा केलात?"

"तू समोर असलास की तुझ्याशी खरं कोण बोलणार? गावाला तू जावई, बाईंना तू जावई. तू दुष्ट असतास तर यांनी तुला पहिल्याच दिवशी शिव्या घालून वाट दाखवली असती. चांगल्या माणसाला कुणी काही सांगत नाही केरबा. त्याला स्वतःच ऐकावं लागतं."

केरबाने पागोटं काढून पायरीवर ठेवलं. धोतर वर खोवलं आणि तो चिखलात उतरला. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतला, दुसऱ्याला तोल गेला. बायकांनी तोंडावर पदर घेतले, जावयाला हसायचं कसं? तो हात पसरून कसाबसा उभा राहिला आणि म्हणाला, "मामी, मला यातलं काही कळत नाही. पाय कुठं ठेवायचा ते सांगा."

येसूबायने पदर आणखी पुढे ओढला.

त्याने आपल्याच अंदाजाने पाऊल उचललं. ज्या ठिकाणी ते पडणार होतं तिथं मातीतून नुकतीच मोकळी झालेली दोन मुळं वर डोकावत होती.

"थंय नको!" म्हातारी केवढ्याने तरी ओरडली. "मुळां मोडतली, मेल्या! हंय ठेव पाय, हंय!"

सासूने जावयाला मेल्या म्हटलं होतं, तेही अरेतुरे करून, सगळ्या गावासमोर. येसूबायने जीभ चावली. केरबाने पाय अलगद मागे घेतला, तिने दाखवलं तिथं ठेवला, आणि मग इतक्या मोकळेपणाने हसला की बायकांचे पदर आपोआप खाली आले आणि सगळा घोळका हसू लागला. येसूबायला आधी रडू आलं, मग हसू.

व्यापारी धक्क्यावरून कुरकुरत होता, माझी शोभा गेली म्हणून. अण्णा त्याला म्हणाले, "शेटजी, शोभा वर्षभर थांबेल. ही झाडं गेली तर तुमचा धक्का उधाणाला थांबणार नाही."

संध्याकाळी भरती आली. फोडलेल्या गडग्यातून पाणी आत शिरलं आणि परत जाताना तांबडं होऊन गेलं. येसूबाय धक्क्यावर शेजारणीच्या घरची पेज पीत बसली होती. वाटी पुसून घेतली आणि आणखी मागितली.

गाडी घाट चढली तेव्हा गादी रिकामी होती. दारात उभ्या असलेल्या मंजुळाने ती बघितली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आये कुठाय?"

"ओहोटीला गेल्यात," केरबा म्हणाला. "दर ओहोटीला जातात म्हणे, आता खालीच राहणार. तुला शपथ घातली होती ना त्यांनी? मला आज सांगितलं."

मंजुळा उंबऱ्यावरच बसली आणि पदरात तोंड घालून रडली. केरबा तिच्याजवळ बसून राहिला.

तो पावसाळा येसूबायने काढला, पुढचेही काढले. तिवराची काही झाडं वाचली नाहीत. उरली त्यांना नवी पालवी आली. केरबा आता महिन्याकाठी खाली जायचा, तिच्या खोपटाचं छप्पर शाकारायचा, आणि परवानगी विचारल्याशिवाय कशालाही माती लावायचा नाही. येसूबायही घाटावर येणाऱ्या माणसाबरोबर सुकवलेली कालवं धाडायची, आणि त्यांच्याबरोबर निरोप.

पहिला निरोप असा होता: "जावयाक सांग, गेल्या खेपेक शाकारलेला छप्पर गळता. हात नीट चालव म्हणावा. आणि कालवां खारट झाली म्हणान तोंड वाकडा करू नको."

केरबाने तो निरोप आणणाऱ्याला बसवून घेतलं, गूळपाणी दिलं, आणि पुन्हा एकदा, तिच्या आवाजात, पहिल्यापासून सांगायला लावला.

आपल्या घरातही कुणी फार दिवस "मला काही झालं नाही" असं म्हणत असेल, तर दुधात आणखी तूप घालण्याआधी एकदा पाठ फिरवून उभं राहावं आणि ऐकावं.